शांततेचं नोबेल मिळालेला हा माणूस समुद्राचं मीठ मोजायचा

ऑगस्ट १८९३ चा शेवट. सैबेरियाच्या उत्तरेला, तैमिर द्वीपकल्पाजवळ एक लाकडी जहाज चाललं होतं. समुद्र शांत, वारा नाही, इंजिन व्यवस्थित सुरू. आणि तरीही जहाज पुढे सरकेना.

म्हणजे अगदी थांबलं नव्हतं, पण जे जहाज अशा शांत पाण्यात ताशी सहा-सात सागरी मैल सहज कापायचं, ते आता दीड मैलही धड कापत नव्हतं. सोप्या भाषेत सांगायचं तर जहाजाच्या शेजारून कुणी चालत गेलं असतं तर पुढे निघून गेलं असतं. सुकाणू फिरवावं तर जहाज ऐकेना. गोल वळसे घेऊन झाले, आडवंतिडवं चालवून झालं. जणू खालून कुणीतरी धरून ठेवलंय.

नॉर्वेच्या खलाशांना हा प्रकार माहीत होता. ते त्याला ‘मृत पाणी’ म्हणायचे. कुणी म्हणायचं मासे जहाजाला चिकटतात, कुणी म्हणायचं पाण्यालाच चिकटपणा येतो. दर्यावर्दी लोकांच्या गोष्टी, ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या.

पण जहाजावरच्या मोहिमेच्या प्रमुखानं ती गोष्ट सोडून दिली नाही. त्याच्या एक लक्षात आलं. जहाजाच्या बाजूला बादली सोडून वरचं पाणी काढलं तर ते जवळपास गोडं लागत होतं. आणि इंजिनासाठी जहाजाच्या तळाच्या झडपेतून जे पाणी आत येत होतं, ते होतं खारट. एकाच जागी, एकाच वेळी, वरती गोडं पाणी आणि दोन-चार मीटर खाली खारं.

या माणसाचं नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. जहाजाचं नाव ‘फ्राम’, म्हणजे नॉर्वेजियन भाषेत ‘पुढे’. नाव ‘पुढे’ आणि जहाज जागेवर, हा विनोद त्या दिवशी जहाजावर कुणाला सुचला असेल की नाही, देव जाणे.

नान्सेनचं नाव आपल्याकडे ऐकलं असेल तर दोन कारणांनी. एक तर उत्तर ध्रुवाच्या दिशेनं गेलेला धाडसी गडी म्हणून. नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, १९२२ चं शांततेचं नोबेल आणि निर्वासितांचा ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून. या दोन्हींच्या मध्ये त्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं एका वेगळ्याच कामात घातली. समुद्राचं पाणी नक्की किती खारट आहे, हे अचूक कसं मोजायचं?

ऐकायला फार भारी वाटत नाही, मान्य. पण थांबा जरा.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, क्रिस्तियानियाजवळचा. क्रिस्तियानिया म्हणजे आजचं ओस्लो. वडील वकील. पोरगं लहानपणापासून स्की आणि स्केटिंगमध्ये तरबेज, स्पर्धा जिंकणारं. शिकायला विषय निवडला प्राणिशास्त्र, आणि तोही म्हणे यासाठी की त्यात उघड्यावर भटकायला मिळेल.

१८८२ मध्ये, वयाच्या विशीत, तो ‘व्हायकिंग’ नावाच्या सील मारणाऱ्या जहाजावर चढला. ग्रीनलँडच्या बाजूला हे जहाज बर्फात अडकलं आणि तीन आठवड्यांच्या वर अडकूनच राहिलं. बाकीचे वैतागले, नान्सेन पाण्याचं तापमान मोजत बसला. समुद्राचं बर्फ तळाशी तयार होऊन वर येतं की पृष्ठभागावरच तयार होतं, यावर तेव्हा वाद होता. नान्सेननं पाहिलं की ते वरच तयार होतं. आणखी एक गोष्ट दिसली, थंडगार पाण्याच्या थराखाली गरम पाणी वाहतंय. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परत आल्यावर बर्गनच्या संग्रहालयात नोकरी. तिथं त्यानं समुद्रातल्या छोट्या जीवांच्या मज्जासंस्थेवर काम केलं आणि १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी पाच सोबती घेऊन ग्रीनलँड पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवर पार केलं. तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. पूर्वेकडूनच का? कारण पूर्व किनाऱ्यावर वस्ती जवळपास नव्हती, त्यामुळे मागे फिरायची सोयच नव्हती. जगायचं असेल तर पुढेच जायचं. पुढच्या वर्षी त्यानं एव्हा सार्सशी लग्न केलं. एव्हा गायिका होती आणि तिचे वडील मिकाएल सार्स हे समुद्री जीवांचे नावाजलेले अभ्यासक.

आता ‘फ्राम’ची गोष्ट.

१८८१ मध्ये ‘जीनेट’ हे अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याचं काही सामान सापडलं थेट ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. म्हणजे मधला सगळा प्रवास त्या सामानानं बर्फावर बसून केला होता. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी यावरून मांडलं की ध्रुवाच्या समुद्रात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रवाह असला पाहिजे.

नान्सेननं ते वाचलं आणि त्याच्या डोक्यात आलं, सामान जाऊ शकतं तर जहाज का नाही? बर्फाशी भांडायचंच नाही. आपणहून जहाज बर्फात अडकवायचं आणि प्रवाह नेईल तिकडे जायचं.

लंडनच्या भूगोलतज्ज्ञांना ही कल्पना म्हणजे आत्महत्या वाटली. आर्क्टिकचा अनुभव असलेल्या मोठमोठ्या लोकांनी उघड टीका केली. नॉर्वेच्या संसदेनं मात्र पैसे दिले. कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्यानं ‘फ्राम’ बांधलं, लांबीला साधारण ३९ मीटर, रुंदीला ११ मीटर, पोटाला गोल. बर्फानं दोन्ही बाजूंनी दाबलं की बोटांत पकडलेली ओली बी सटकावी तसं ते वर सटकणार, अशी रचना. जून १८९३ मध्ये जहाज निघालं, मोहिमेत एकूण १३ माणसं. मृत पाण्यातून कसंबसं सुटून सप्टेंबरच्या शेवटी ते ठरल्याप्रमाणे बर्फात अडकलं. आणि मग जवळपास तीन वर्षं वाहत राहिलं.

या मोहिमेची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अशी. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि ह्यालमार योहानसेन दोघंच जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले, ८६ अंश १४ मिनिटं उत्तरेपर्यंत पोचले, तोवर इतक्या उत्तरेला कुणीच गेलेलं नव्हतं. मग माघार, घड्याळांना चावी द्यायला विसरले म्हणून दिशेचा घोळ, फ्रान्झ योसेफ बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत अख्खा हिवाळा, आणि जून १८९६ मध्ये निव्वळ योगायोगानं फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज प्रवाशाची भेट. या एका प्रसंगावर सिनेमे होऊ शकतात. पण आपला विषय जहाजावर राहिलेला आहे.

जहाजावर रोजचं काम होतं मोजमापाचं. हवा, चुंबकत्व, खोली, पाणी. तेव्हाच्या बहुतेकांना वाटायचं की ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असणार. नान्सेनलाही तसंच वाटायचं, म्हणून त्यानं खोली मोजायची लांबलचक दोरी नेलीच नव्हती. नेलेली दोरी सगळी सोडली तरी तळ लागेना. शेवटी जहाजाची पोलादी तारेची एक जाड दोरी उकलून, तिचे पदर सुटे करून, ते एकमेकांना जोडून चार-पाच हजार मीटरची नवी दोरी वळली, तीही उघड्या बर्फावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. मग तळ लागला, तीन हजार मीटरच्याही खाली. ध्रुवाचा समुद्र हा खोल महासागर आहे, हे जगाला असं कळलं.

त्याहून मोठी गंमत पाण्यात होती. पाणी वरून खाली मोजत गेलं तर पहिले दोनशे मीटर थंड, शून्याच्या खाली दीड अंशाच्या आसपास. त्याखाली? त्याखाली चक्क गरम. म्हणजे शून्याच्या थोडं वर, पण वरच्यापेक्षा नक्कीच गरम. हा गरम थर काही शे मीटर जाडीचा, आणि त्याच्याखाली परत थंड.

शाळेत आपण काय शिकलो? गरम पाणी हलकं असतं, ते वर येतं. मग इथं गरम पाणी खाली आणि गार पाणी वर कसं?

उत्तर आहे मीठ.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. हीच ती क्षारता. मीठ वाढलं की पाणी जड होतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचं साधारण पंचवीस ग्रॅम जास्त. आता ध्रुवाजवळच्या अतिथंड पाण्यात होतं असं, की तापमान एक-दोन अंशानं इकडेतिकडे झाल्यानं वजनात फारच थोडा फरक पडतो. तिथं कोण वर राहणार आणि कोण बुडणार हे मीठ ठरवतं. ओब, येनिसेई, लेना या सैबेरियाच्या प्रचंड नद्या आपलं गोडं पाणी या समुद्रात आणून ओततात. ते पाणी गार असूनही हलकं, म्हणून वर. अटलांटिक महासागरातून आलेलं पाणी गरम असूनही खारट, म्हणून जड, म्हणून खाली.

हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. खालच्या गरम पाण्यात इतकी उष्णता आहे की ते वर आलं तर समुद्रावरचं बर्फ वितळायला लागेल. मधे फक्त एक झाकण आहे, कमी खारट पाण्याच्या थराचं. आर्क्टिकचं बर्फ एका अर्थानं मिठाच्या फरकावर टिकून आहे.

आपल्याकडेही याचं भावंड आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा आणि पावसाचं गोडं पाणी वर पसरतं, त्यामुळे त्याचा उत्तरेकडचा भाग आपल्या अरबी समुद्रापेक्षा बराच कमी खारट आहे. वरचा हलका थर खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही, ही गोष्ट मान्सून आणि चक्रीवादळांच्या अभ्यासात फार महत्त्वाची आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं या दोन समुद्रांचं पाणी मोजत आलेत.

पण मोजायचं कसं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पाणी उकळायचं, खाली राहिलेलं मीठ तोलायचं. उरण-पेणच्या मिठागरात तेच तर होतं. होतं, पण पूर्ण नाही. खाण्याचं मीठ खाली बसल्यावर आगरात जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते पाणी सोडायला तयार नसतात. त्यांना पूर्ण कोरडं करायचं म्हणून जास्त तापवावं, तर काही क्षारच फुटतात आणि त्यातला भाग वायू होऊन उडून जातो. म्हणजे ओलं तोललं तरी चूक, कोरडं तोललं तरी चूक.

सुटका केली एका जुन्या शोधानं. १८१९ मध्ये अलेक्झांडर मार्सेट या रसायनशास्त्रज्ञानं वेगवेगळ्या समुद्रांचं पाणी तपासून सांगितलं होतं की समुद्र कुठलाही असो, पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच असतं. आमटी पातळ असो की घट्ट, मसाल्याचं माप तेच, असं काहीसं. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजानं जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये यावर शिक्कामोर्तब झालं. याचा फायदा असा की सगळं मोजायची गरजच नाही. एक घटक अचूक मोजा, बाकीचा हिशोब आपोआप लागतो. क्षारांमध्ये वजनानं निम्म्याहून जास्त असतं क्लोराइड. तेवढं मोजलं की झालं.

दुसरा मार्ग म्हणजे पाण्याची घनता मोजणं. दुधात पाणी घातलंय का हे बघायला दूधवाल्याकडे काचेची तरंगणारी नळी असते ना, लॅक्टोमीटर, त्याच जातीचं उपकरण समुद्राच्या पाण्यात तरंगवायचं आणि ते किती बुडतं ते बघायचं. ‘फ्राम’वर हे काम चालायचं.

आणि इथंच गाडी अडकली.

नान्सेन हिरो होऊन परत आला. १३ ऑगस्ट १८९६ ला तो नॉर्वेच्या व्हार्डो गावात उतरला, आणि त्याच दिवशी तिकडे ‘फ्राम’ बर्फातून मोकळं झालं. सगळेच्या सगळे १३ जण जिवंत. क्रिस्तियानियात लोक रस्त्यावर उतरले. एखाद्यानं आयुष्यभर या एका गोष्टीवर भाषणं देत फिरला असता तरी चाललं असतं. नान्सेननं भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, पैसे आणि नाव कमावलं, हे खरंच. पण त्याबरोबर तो आपल्या वह्यांमधले आकडे घेऊन बसला. मोहिमेच्या शास्त्रीय निष्कर्षांचे सहा जाडजूड खंड १९०० ते १९०६ या काळात आले.

आकडे काही नीट बसेनात. ‘फ्राम’च्या नोंदीत खोल पाण्याची क्षारता दर हजारी ३५ च्या वर येत होती. आज आपल्याला माहीत आहे की ती ३४.९ च्या आसपास असते. फरक किती? दशांश चिन्हानंतरचा. स्वयंपाकघरात असा फरक कुणाच्या जिभेलाही कळणार नाही. पण खोल समुद्रात एक पाणी आणि दुसरं पाणी यांच्यातला खरा फरकच तेवढा असतो. मोजण्यातली चूक आणि मोजायची गोष्ट एकाच आकाराची असेल तर त्या आकड्यावरून काय कळणार?

चुका येत होत्या त्या अगदी साध्या ठिकाणाहून. वर हवा शून्याखाली चाळीस अंश. खोलातून काढलेलं पाणी वर येताच गोठायला लागतं. समुद्राचं पाणी गोठताना त्याचं बर्फ मीठ बाहेर टाकतं, म्हणजे जे पाणी उरतं ते मूळच्यापेक्षा जास्त खारट. नमुना थोडा जरी गोठला आणि उरलेलं पाणी मोजलं तर आकडा चुकलाच. तरंगणाऱ्या नळीचं दुखणं वेगळं. जिथं नळी पाण्याबाहेर येते तिथं पाणी तिला जरासं चिकटून वर चढतं आणि नळीला खाली ओढतं. पाण्यावर तेलाचा अंश असेल, धूळ असेल, की ही ओढ बदलते.

आपल्या गाजलेल्या मोहिमेचे आकडे विश्वासाचे नाहीत, हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी नान्सेन स्वतःच त्यांच्यामागे लागला. १९०० मध्ये त्यानं फक्त या तरंगणाऱ्या नळ्या आणि पाण्याचा पृष्ठताण या विषयावर एक अख्खा प्रबंध छापला. त्यातला त्याचा तोडगा मस्त होता. नळी पाण्याबाहेर येते म्हणून भानगड होते ना? मग ती पूर्ण बुडवूनच ठेवायची. बारीक वजनं घालून ती अशी तोलायची की ती ना वर येईल ना खाली जाईल. मग पृष्ठभागाचा प्रश्नच मिटला. घनता पाचव्या दशांशापर्यंत पकडायची तर हे करावंच लागणार होतं.

खोलातून पाणी आणायच्या बाटलीवरही त्यानं काम केलं. आधी स्वीडनचे ओट्टो पेटरसन यांच्या बाटलीत सुधारणा करून, पाणी वर येईपर्यंत त्याचं तापमान बदलू नये म्हणून भोवती थरांचं आवरण असलेली बाटली. नंतर त्याच्या नावानं प्रसिद्ध झालेली ‘नान्सेन बाटली’. ही म्हणजे दोन्ही टोकांना झडपा असलेली धातूची नळी. तारेला बांधून उघडीच खाली सोडायची. हव्या त्या खोलीवर पोचली की वरून तारेवरून एक वजन सोडायचं. ते सरसर खाली जाऊन बाटलीच्या कडीवर आपटतं, बाटली उलटी होते, झडपा बंद. तेवढ्याच खोलीचं पाणी आत अडकलं. बाटली उलटताना सोबतच्या थर्मामीटरमधला पारा तुटतो आणि त्या क्षणाचं तापमान तिथंच राहतं. शिवाय सुटलेलं वजन पुढच्या बाटलीकडे दुसरं वजन पाठवतं, म्हणजे एकाच तारेवर अनेक बाटल्या, अनेक खोल्या. ना बॅटरी, ना वायर. १९६६ मध्ये शेल निस्किन यांची प्लास्टिकची बाटली आली, तोवर जगभरातल्या समुद्रशास्त्राचा मोठा भाग याच नळीच्या जिवावर चालला.

पण एकट्यानं अचूक मोजून उपयोग नव्हता. नॉर्वेचा माणूस एक आकडा काढणार, जर्मनीचा दुसरा, रशियाचा तिसरा. पाणी बदललं की मोजणारा बदलला, हे कळणार कसं? आणि हे नुसतं शास्त्रज्ञांचं भांडण नव्हतं. हेरिंग आणि कॉड मासा कधी कुठं येणार, याचा पाण्याच्या प्रवाहांशी संबंध आहे असं दिसत होतं आणि उत्तर युरोपातल्या कितीतरी किनाऱ्यांचं पोट या माशांवर होतं.

म्हणून १८९९ मध्ये स्टॉकहोमला बैठक झाली आणि जुलै १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा क्रिस्तियानियात, प्रमुख नान्सेन. काम काय, तर सगळ्या देशांच्या उपकरणांची तपासणी आणि सुधारणा. डेन्मार्कचे मार्टिन क्नुडसेन यांनी १९०१ मध्ये क्लोराइडवरून क्षारता आणि घनता काढायचे तक्ते छापले होते. आणि त्यांचीच एक भन्नाट कल्पना होती, प्रमाण पाणी. समुद्राचं पाणी घ्यायचं, गाळायचं, त्यातलं क्लोराइड अतिशय काटेकोर मोजायचं, काचेच्या नळ्यांत भरून त्या वितळवून बंद करायच्या आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवायच्या. सोनाराच्या तराजूला जसं प्रमाणित वजन लागतं, तसंच हे.

मग बर्गनचा माणूस असो की कील शहरातला, पद्धत एकच. नमुन्यात पिवळा पोटॅशियम क्रोमेट घालायचा आणि वरून थेंबथेंब सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आधी दह्यासारखा पांढरा साका येतो. क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाला रंग विटकरी होतो. तिथं थांबायचं. मग हेच प्रमाण पाण्यावर करायचं आणि दोन्हींची तुलना. उपकरणात, रसायनात, हातात जी काही खोट असेल ती दोन्हीकडे सारखीच येणार आणि कटून जाणार. १९०८ मध्ये क्रिस्तियानियाची प्रयोगशाळा बंद झाली, पण प्रमाण पाणी कोपनहेगनमधून पुढची कितीतरी दशकं जगभर जात राहिलं. समुद्रशास्त्रज्ञ त्याला ‘कोपनहेगनचं पाणी’च म्हणायचे.

या अचूकपणातून मिळालं काय? एक उदाहरण पुरे. १९०१ मध्ये एक तरुण खलाशी ‘योआ’ नावाचं छोटं जहाज घेऊन उत्तरेच्या समुद्रात फिरत होता आणि नान्सेनच्या सांगण्यावरून पाणी मोजत होता. नाव रोआल्ड अमुंडसेन. हो, तोच, पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला, आणि तेही नान्सेनकडून ‘फ्राम’ मागून घेऊन. त्याच्या नोंदींवरून १९०६ मध्ये नान्सेननं मांडलं की खोल समुद्राचं थंड पाणी तळाशी जन्मत नाही. ग्रीनलँडजवळ हिवाळ्यात वरचं खारट पाणी इतकं थंड होतं की जड होऊन थेट तळाकडे बुडतं. तळाच्या पाण्याची क्षारता जागोजाग जवळपास एकच होती, म्हणूनच ते ओळखू आलं. महासागराच्या खोलात ताजं पाणी कसं पोचतं, याचं उत्तर शोधायची ही सुरुवात.

सगळंच बरोबर आलं असंही नाही. ध्रुवाच्या समुद्राचं तळाचं पाणी नॉर्वेच्या समुद्रापेक्षा किंचित गरम दिसलं, त्यावरून नान्सेननं अंदाज बांधला की ग्रीनलँड आणि स्पिट्सबर्गनच्या मध्ये समुद्राखाली डोंगराची भिंत असणार. पुढे मोजलं तर तिथं अडीच हजार मीटरहून खोल मोकळी वाट निघाली. त्या वाटेला आज नाव आहे ‘फ्राम सामुद्रधुनी’. नियतीला विनोदबुद्धी आहे.

आणि मृत पाणी? नान्सेननं तो प्रश्न व्हिल्हेल्म ब्येर्कनेस या प्राध्यापकांपुढे ठेवला, त्यांनी तो व्हॅग्न वाल्फ्रिड एकमान या विद्यार्थ्याला दिला. एकमाननं टाकीत खाली खारं पाणी, वर गोडं पाणी असे थर केले आणि छोटं जहाज ओढून पाहिलं. वरचा पृष्ठभाग शांत, पण दोन थरांच्या मध्ये मोठमोठ्या लाटा उठत होत्या, वरून न दिसणाऱ्या. जहाजाच्या इंजिनाची सगळी ताकद या लाटा उठवण्यात जात होती. १९०४ मध्ये हे छापून आलं. खलाशी खोटं बोलत नव्हते. याच एकमाननं नान्सेनच्या दुसऱ्या निरीक्षणाचंही गणित सोडवलं. बर्फ वाऱ्याच्या सरळ रेषेत न वाहता उजवीकडे झुकून का वाहतं, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे. समुद्रशास्त्राच्या पुस्तकात आज जी ‘एकमान सर्पिल’ शिकवतात, ती ही.

यानंतर आयुष्य वेगळ्या वळणावर गेलं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा डेन्मार्कच्या राजपुत्राला नॉर्वेचा राजा व्हायला राजी करण्यात नान्सेनचा हात होता. १९०६ ते १९०८ तो लंडनमध्ये देशाचा राजदूत. डिसेंबर १९०७ मध्ये एव्हा न्यूमोनियानं गेली. १९०८ मध्ये तो विद्यापीठात परतला, आता समुद्रशास्त्राचा प्राध्यापक म्हणून. बियोर्न हेलँड-हान्सेन यांच्यासोबत १९०९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रावर लिहिलेला त्याचा ग्रंथ आजही संदर्भाला घेतात. १९१३ मध्ये धाकटा मुलगा गेला. ध्रुवावर जायचं, तेही दक्षिण ध्रुवावर, हे त्याचं स्वप्न राहूनच गेलं.

मग पहिलं महायुद्ध. १९२० मध्ये राष्ट्रसंघानं त्याला काम दिलं, ठिकठिकाणी अडकलेल्या युद्धकैद्यांना घरी पोचवायचं. चार लाखांहून जास्त माणसं घरी गेली. १९२१ मध्ये रशियात भयानक दुष्काळ पडला, तिथं मदतीसाठी तो सरकारांच्या दारात फिरला आणि बऱ्याच सरकारांनी नकार दिला, कारण बोल्शेविकांना मदत करायची कुणाची तयारी नव्हती. आणि १९२२ मध्ये आला तो नान्सेन पासपोर्ट. ज्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं होतं, ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा कागद नव्हता, अशा लोकांसाठी. पन्नासच्या वर देशांनी तो मानला, साधारण साडेचार लाख लोकांना मिळाला. चित्रकार मार्क शगाल, संगीतकार स्ट्राविन्स्की हेही त्यात होते. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल नान्सेनला मिळालं.

आता उगाच मिठाचा आणि पासपोर्टचा संबंध जोडत बसत नाही. पण एवढं दिसतं की हा माणूस भावनेच्या भाषणांपेक्षा सगळ्यांना मान्य होईल अशा एका कागदावर, एका मापावर जास्त विश्वास ठेवायचा.

१३ मे १९३० ला, ओस्लोजवळच्या आपल्या घरी नान्सेन गेला. अंत्यसंस्कार १७ मे रोजी झाले, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी.

क्षारता मोजायची पद्धत नंतर बदलली. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून आता विजेच्या वहनावरून ती काढतात. १९७८ पासून त्याचं जागतिक माप आहे. हजारो स्वयंचलित तरंगते यंत्र समुद्रात बुडतात, मोजतात, वर येऊन उपग्रहाला आकडे देतात. तरी प्रयोगशाळेतलं यंत्र बरोबर आहे का हे तपासायला आजही बाटलीबंद प्रमाण पाणीच लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या कामासाठी नॉर्वेनं बांधलेल्या संशोधन जहाजाचं नाव आहे ‘डॉक्टर फ्रिट्यॉफ नान्सेन’. त्यानं १९७५ मध्ये पहिलं सर्वेक्षण कुठं केलं माहितीये? अरबी समुद्रात.

आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज नान्सेनचीच युक्ती वापरून मुद्दाम ध्रुवाच्या बर्फात अडकवलं गेलं. त्यावरच्या शास्त्रज्ञांच्या कामात एक काम होतं, बर्फाला भोक पाडून खालच्या थरांची क्षारता मोजणं, म्हणजे ते झाकण अजून किती मजबूत आहे ते बघणं. ‘फ्राम’ला बर्फातून बाहेर यायला जवळपास तीन वर्षं लागली होती. सुरुवातीची जागा वेगळी होती हे धरूनही, ‘पोलारस्टर्न’ फ्राम सामुद्रधुनीत पोचलं ते दहा महिन्यांत.